अ‍ॅलिगेटर-पालनात उतरण्याआधी: लुइझियानाचे सरकारी नियम पायरीपायरीनं

मी मूळचा सांगलीचा. कृष्णेच्या काठावर ऊन खात पडलेली मगर पाहत लहानाचा मोठा झालो. आता अमेरिकेत लुइझियाना राज्यात राहतो आणि अ‍ॅलिगेटर (मगरीच्याच कुळातला अमेरिकी प्राणी) कातडी आणि मांसासाठी पाळणाऱ्या फार्मची परवान्यांची, नोंदींची कागदपत्रं सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे मला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. गावाकडची मंडळी विचारतात, "आपल्याकडे करता येईल का रे हे?" आणि अमेरिकेत स्थिरावलेले मराठी लोक, त्यातही पशुवैद्यक किंवा मत्स्यपालन शिकलेली तरुण मुलं विचारतात, "यात शिरायचं तर सुरुवात कुठून करायची?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. भारतातल्या मगर, सुसर आणि खाऱ्या पाण्यातली मगर या तिन्ही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 1975 मध्ये सुरू झालेल्या मगर संवर्धन प्रकल्पानं अंडी उबवून पिल्लं वाढवली, पण ती नदीत सोडण्यासाठी. कृष्णेतली किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीतली मगर पाळणं, तिची अंडी उचलणं, कातडी विकणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. त्यामुळे हा लेख दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

आधी हे नियम आले कुठून ते समजून घ्या

नवीन माणूस नियमांची यादी मागतो. मी त्याला आधी इतिहास सांगतो, कारण तो कळला की अर्धे नियम आपोआप लक्षात राहतात.

कातडीसाठी बेसुमार शिकार झाल्यामुळे 1962 मध्ये लुइझियानानं अ‍ॅलिगेटरची शिकार पूर्ण बंद केली. 1967 मध्ये केंद्र सरकारनं त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं. 1960 च्या दशकात राज्यात एक लाखाहूनही कमी अ‍ॅलिगेटर उरले होते. आज राज्याचा वन्यजीव विभाग रानातली संख्या तीस लाखांच्या पुढे सांगतो. फार्मवरचे जवळपास दहा लाख त्यात धरलेले नाहीत.

हे नुसत्या बंदीनं झालं नाही. किनाऱ्यालगतच्या ज्या दलदलीत हा प्राणी राहतो, ती बहुतेक खासगी मालकीची आहे. मालकाला तिथून काहीच मिळत नसेल तर तो ती भरून दुसऱ्या कामाला लावेल, ही साधी गोष्ट राज्याच्या जीवशास्त्रज्ञांनी ओळखली. टेड जोनेन आणि लॅरी मॅकनीज यांनी कॅमरॉन पॅरिशमधल्या रॉकफेलर अभयारण्यात वर्षानुवर्षं घरटी मोजली, अंडी उबवून पाहिली, पिल्लं किती जगतात याचा हिशेब मांडला. (लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात.) त्या अभ्यासाच्या जोरावर 1972 मध्ये फक्त कॅमरॉन पॅरिशमध्ये मर्यादित शिकार पुन्हा सुरू झाली, 1981 मध्ये ती राज्यभर झाली आणि 1986 पासून रानातली अंडी गोळा करून फार्मवर वाढवायची पद्धत रुजली. अ‍ॅलिगेटर जगला तर दलदलीच्या मालकाला पैसे मिळतात आणि पैसे मिळतात म्हणून दलदल टिकते. पुढचा प्रत्येक नियम या साखळीची एखादी कडी सांभाळतो.

पायरी 1: तुमच्यावर कोणाकोणाची नजर असेल ते ओळखा

पहिलं राज्य सरकार. लुइझियानाचा वन्यजीव आणि मत्स्य विभाग परवाना, अंडी, शेड, टॅग, नोंदी हे सगळं बघतो. रोजचा संबंध याच विभागाशी येतो.

दुसरं केंद्र सरकार, म्हणजे अमेरिकेची मत्स्य आणि वन्यजीव सेवा. इथे नवख्यांचा गोंधळ होतो. 1987 मध्ये अ‍ॅलिगेटर पूर्ण सावरल्याचं जाहीर झालं, तरी त्याचं नाव यादीतून गेलं नाही. आजही तो "दिसण्यातल्या साम्यामुळे संकटग्रस्त" या वर्गात आहे. म्हणजे त्याला स्वतःला धोका नाही. पण कापून कमावलेल्या कातडीचा तुकडा हातात घेतला तर तो अ‍ॅलिगेटरचा की खरोखर दुर्मीळ असलेल्या एखाद्या मगरीचा, हे बंदरावरच्या अधिकाऱ्याला सहज सांगता येत नाही. चोरीची कातडी अ‍ॅलिगेटरच्या नावाखाली खपू नये म्हणून अ‍ॅलिगेटरच्या प्रत्येक कातडीचा माग ठेवला जातो.

तिसरा साइटीस, म्हणजे दुर्मीळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार. 1975 मध्ये तो लागू झाला तेव्हा अ‍ॅलिगेटर त्याच्या पहिल्या परिशिष्टात होता आणि आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंदच होता. 1979 मध्ये तो दुसऱ्या परिशिष्टात आला. आता व्यापार करता येतो, पण परवान्याशिवाय नाही.

याशिवाय लेसी कायदा लक्षात असू द्या. राज्याचा नियम मोडून मिळवलेला माल राज्याबाहेर विकला की तो केंद्रीय गुन्हा होतो. फार्मवरची किरकोळ वाटणारी चूक ट्रक राज्याची सीमा ओलांडतो तेव्हा फार मोठी होते.

पायरी 2: नर-मादी पाळणार की रानातली अंडी आणणार ते ठरवा

स्वतःच्या तळ्यात नर-मादी ठेवून त्यांची अंडी उबवणं कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात माद्या वयात यायला वर्षं जातात, जागा खूप लागते आणि बंदिस्त माद्या रानातल्यांसारखी भरवशाची अंडी देत नाहीत. म्हणून लुइझियानातला बहुतेक धंदा रानातल्या अंड्यांवर चालतो. पुढचं सगळं मी तेच धरून लिहितोय.

पायरी 3: परवाना आणि शेड

फार्म चालवण्यासाठी राज्याचा प्रजननाचा परवाना लागतो. कायद्याच्या भाषेत अ‍ॅलिगेटर "शिकारीव्यतिरिक्त चतुष्पाद" (इंग्रजीत "नॉनगेम क्वाड्रुपेड") या वर्गात येतो. अर्ज करताना हे नाव शोधा, नाहीतर अ‍ॅलिगेटरच्या नावानं शोधत बसाल आणि वेगळाच फॉर्म भराल.

शेड तयार नसताना अंड्यांचा करार करू नका. विभागाला शेड बघायची असते: भिंती आणि छत उष्णता धरून ठेवतात का, पाणी तापवायची सोय कशी आहे, प्राणी बाहेर निसटेल का, बाहेरचं कोणी आत शिरेल का. जागेचं मापही ठरलेलं आहे. दोन फुटांपेक्षा लहान पिल्लाला किमान एक चौरस फूट, दोन ते चार फुटांच्या जनावराला तीन चौरस फूट, त्यापुढे लांबीप्रमाणे जागा वाढत जाते. शेडचा नकाशा काढताना पिल्लांच्या आकारावरून हिशेब करू नका, ती चार फुटांची झाल्यावर किती जागा लागेल त्यावरून करा. पिल्लांनी अर्धी भरलेली शेड वर्षभरात अपुरी पडते आणि मग तपासणीत तुम्ही अडकता. गर्दीत जनावरं एकमेकांना चावतात, पोटाच्या कातडीवर ओरखडे उठतात आणि मालाची प्रत घसरते. इथे कायदा आणि तुमचा फायदा एकाच बाजूला आहेत.

सांडपाण्याचा विचारही आत्ताच करा. शेडमधलं पाणी वारंवार बदलावं लागतं आणि ते घाण पाणी ओढ्यात सोडून देता येत नाही. त्यासाठी राज्याच्या पर्यावरण विभागाचे वेगळे नियम आहेत.

पायरी 4: अंडी

हा धंद्याचा प्राण आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

अ‍ॅलिगेटरची मादी जूनमध्ये गवत आणि चिखल यांचा ढीग रचून घरटं करते आणि त्यात साधारण तीस ते पन्नास अंडी घालते. त्या सुमारास विभागाचे लोक हेलिकॉप्टरमधून किनाऱ्यालगतची दलदल बघतात, ठरलेल्या पट्ट्यांमधली घरटी मोजतात. कुठल्या प्रकारच्या दलदलीतून किती अंडी उचलता येतील याचा अंदाज त्यावरून बांधला जातो.

तुमच्या बाजूनं तीन गोष्टी लागतात: जमीनमालकाशी लेखी करार, त्या ठरावीक जमिनीसाठी विभागाचा अंडी गोळा करण्याचा परवाना आणि त्या परवान्यावर नाव असलेले लोक. करारात पैसे अंड्यामागे मोजायचे की उबलेल्या पिल्लामागे, हे स्पष्ट लिहून घ्या. अंडी नासली तर नुकसान कोणाचं, हे या एका ओळीवर ठरतं. शेजारची जमीन दुसऱ्याची असेल तर हद्द नकाशावर नीट बघून ठेवा. दलदलीत कुंपण नसतं, पण परवान्यात हद्द असते.

घरट्यातून अंडं उचलण्याआधी त्याच्या वरच्या बाजूवर खूण करतात. आपल्याकडे कोंबडी अंडी फिरवत राहते, तिथे ते चालतं. इथे अंडं घातल्यापासून थोड्याच वेळात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो आणि अंडं उलटं झालं की तो मरू शकतो. म्हणून खूण वर ठेवूनच, घरट्यातल्याच गवतात बसवून, अंडी खोक्यात भरतात. एका फार्मच्या पहिल्या हंगामात खोकी नेणाऱ्या गाडीच्या चालकाला हे कोणीच सांगितलं नव्हतं. खराब रस्त्यावरून तो नेहमीच्या वेगानं आला. किती अंडी वाया गेली ते नंतर उबवणीच्या नोंदीत दिसलं आणि ती नोंद करताना माझा हात जड झाला होता. तेव्हापासून खोकी उचलणाऱ्यापासून गाडी चालवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला मी हे सांगायला लावतो.

कोणत्या जमिनीतून, कोणत्या दिवशी, किती घरट्यांतून किती अंडी आली, त्यातली किती चांगली निघाली आणि किती उबली, ही नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. पुढचा सगळा सरकारी हिशेब या आकड्यांवर उभा राहतो.

पायरी 5: उबवण

उबवायला साधारण 65 दिवस लागतात. अ‍ॅलिगेटरचं लिंग अंडं कोणत्या तापमानाला उबतं यावर ठरतं: 30 अंश सेल्सिअसच्या आसपास माद्या, 33 च्या आसपास नर. नवख्याला वाटतं, नर लवकर वाढतात तर सगळं इन्क्युबेटर 33 वर लावावं. असं करू नका. कारण पुढच्या पायरीत आहे.

पायरी 6: रानाचं देणं

अंडी उचलण्याची परवानगी एका अटीवर मिळते. उबलेल्या पिल्लांपैकी ठरावीक टक्के मोठी करून, ज्या दलदलीतून अंडी आणली तिथेच परत सोडायची.

सुरुवातीला हे प्रमाण 17 टक्के होतं. रानात पिल्लं मोठी होईपर्यंत साधारण किती जगतात, याच्या अभ्यासातून ते आलं होतं. बगळे, रॅकून, मोठे अ‍ॅलिगेटर, सगळेच पिल्लं खातात. चार फुटांच्या अ‍ॅलिगेटरला मात्र फारसे शत्रू उरत नाहीत. रानातली संख्या वाढत गेली, सोडलेली जनावरं चांगली जगताना दिसली, तसं प्रमाण टप्प्याटप्प्यानं उतरत अलीकडे 5 टक्क्यांवर आलं आहे. तुम्ही उतराल त्या वर्षीचा आकडा विभागाकडून लेखी घ्या.

सोडायचं जनावर तीन ते पाच फुटांच्या दरम्यान हवं आणि उबल्यापासून दोन वर्षांच्या आत सोडलेलं हवं. लहान जनावरं द्याल तर जास्त द्यावी लागतात, मोठी द्याल तर कमी. त्याचा तक्ता विभागाकडे असतो. सोडलेल्यांत निम्म्या तरी माद्या लागतात. म्हणूनच सगळं इन्क्युबेटर 33 वर लावलेला माणूस दोन वर्षांनी माद्या शोधत फिरतो.

सोडण्याचा दिवस आधी ठरवावा लागतो, कारण विभागाचे लोक स्वतः हजर असतात. ते प्रत्येक जनावर मोजतात, नर की मादी बघतात, पायाच्या बोटांमधल्या पडद्याला छोटी टॅग लावतात आणि शेपटीवरच्या खवल्यांना खाच पाडतात, म्हणजे पुढे कधी सापडलं तर ते फार्मवरून आलेलं आहे हे कळतं. मग जनावरं बोटीत घालून दलदलीत नेतात. तापवलेल्या शेडमध्ये वर्ष-सव्वा वर्षात जेवढी वाढ होते, तेवढी रानात व्हायला तीन-चार वर्षं लागतात. या कामावरच्या मजुरांनाही हा दिवस आवडतो. पाण्यात सोडलेलं जनावर एका क्षणात दिसेनासं होतं, तेव्हा बोटीत सगळे गप्प होतात.

धंद्याचा हिशेब मांडताना ही जनावरं पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवा. ती तुमची नाहीत. त्यांचं खाद्य, शेडमधली जागा आणि काही मेली तर भरपाईला लागणारी जास्तीची जनावरं हा सगळा खर्च आधीच धरा. अडचणीत आलेले जे फार्म मी पाहिले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हे देणं विक्रीच्या मालातच मोजलं होतं.

पायरी 7: वाढवणं, आजार, नोंदी

इथे थोडक्यात. कळपाची मोजदाद, मृत्यू, बाहेरून आणलेली किंवा दिलेली जनावरं, सगळं नोंदवहीत. विभागाला कधीही येऊन बघता येतं.

आजारांत डासांनी पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूकडे विशेष लक्ष द्या. 2001 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या फार्मवर त्यानं मोठं नुकसान केलं. आता मृत्यू कमी दिसले तरी कातडीवर बारीक डाग उठतात, ते सोललेल्या कातडीवर उजेडात दिसतात आणि माल खालच्या प्रतीत जातो. डासांना शेडमध्ये येऊ न देणं आणि जनावरांची काळजी घेणारा पशुवैद्य ठरवून ठेवणं, हे दोन्ही खर्च टाळू नका. लाळ, विष्ठा, रक्त यांतून माणसालाही लागण होऊ शकते, म्हणून हातमोजे आणि चेहऱ्याचं संरक्षण कामगारांना सक्तीचं करा.

पायरी 8: कत्तल आणि टॅग

कत्तल जनावराला कमीत कमी वेदना होतील अशीच व्हायला हवी. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेनं सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मान्य केलेल्या पद्धती आहेत. नुसतं मानेवर कापून चालत नाही, कारण या प्राण्याचा मेंदू रक्तपुरवठा थांबल्यावरही बराच वेळ जिवंत राहतो. मेंदू ताबडतोब निकामी करावाच लागतो. हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. खरेदीदारही आता याबद्दल विचारतात. कायदा, बाजार सगळं बाजूला ठेवलं तरी आपण वाढवलेल्या जनावराचं एवढं तरी आपण देणं लागतो.

मग टॅग. विभाग तुम्हाला क्रमांक असलेल्या टॅग देतो. कातडीच्या शेपटीच्या टोकाकडच्या भागात ती लावायची. ती एकदा बसली की पुन्हा उघडत नाही आणि दुसऱ्या कातडीला वापरता येत नाही. तिच्यावर देश, राज्य, वर्ष, जातीचं संक्षिप्त नाव आणि क्रमांक असतो.

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही. टॅग नसलेली कातडी कितीही नितळ असली तरी तिची किंमत शून्य, उलट ती जवळ असणंच गुन्हा. टॅग असेल तर त्याच कातडीला पॅरिसपर्यंत रस्ता मोकळा. तुम्ही विकता ती वस्तू खरं तर कातडी आणि तिचा कागद मिळून तयार होते. म्हणून सोलणाऱ्याच्या हातात सुरी असते तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वही घेऊन एक माणूस उभा हवा. संध्याकाळी आठवून भरलेली नोंद मी स्वीकारत नाही. न वापरलेल्या, तुटलेल्या टॅगचाही हिशेब द्यावा लागतो, त्या फेकू नका.

पायरी 9: मांस

अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांत अ‍ॅलिगेटर मासा आहे. खरंच. सागरी अन्नाच्या नियमावलीत माशांच्या व्याख्येतच त्याचं नाव लिहिलेलं आहे. त्यामुळे गाई-डुकरांच्या मांसाची तपासणी करणारं कृषी खातं इथे येत नाही. अन्न आणि औषध प्रशासनाचे मासळीचे नियम लागू होतात आणि प्रक्रिया करणाऱ्याला धोक्यांचं विश्लेषण करून लेखी योजना ठेवावी लागते. शेडच्या कोपऱ्यात मांस कापून विकता येत नाही.

पायरी 10: विक्री आणि निर्यात

कातडीची किंमत पोटाच्या रुंदीवरून आणि डागांवरून ठरते. रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजतात. लहान कातड्या मुख्यतः घड्याळाच्या पट्ट्यांना जातात, मोठ्या पर्स-पिशव्यांना.

देशाबाहेर पाठवायचं असेल तर मत्स्य आणि वन्यजीव सेवेकडून आयात-निर्यातीचा परवाना, प्रत्येक खेपेसाठी साइटीसचा निर्यात परवाना आणि ठरवून दिलेल्या बंदरावर तपासणी लागते. आपल्याला जवळचं बंदर न्यू ऑर्लिन्स. परवान्यावरचे टॅग क्रमांक आणि खोक्यातले क्रमांक एकाही अंकानं वेगळे असतील तर अख्खी खेप थांबते. परवाना यायला वेळ लागतो, म्हणून खरेदीदाराला तारीख देण्याआधी अर्ज करा.

देशांतर्गत बाजारही सरळ नाही. कॅलिफोर्नियानं 1 जानेवारी 2020 पासून अ‍ॅलिगेटरच्या वस्तूंवर बंदी आणायचं ठरवलं होतं. लुइझियाना न्यायालयात गेलं आणि 2023 मध्ये केंद्रीय न्यायालयानं ती बंदी कायमची रोखली, कारण केंद्रीय कायद्यानं परवानगी दिलेल्या व्यापाराला राज्य अडवू शकत नाही. इतकी वर्षं पाळलेली टॅगची आणि परवान्यांची शिस्तच तिथे या धंद्याच्या कामी आली, असं मी मानतो.

भारतात मात्र नमुने पाठवायचा विचार सोडा. 2017 पासून भारतात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीची आयात बंद आहे.

फ्लोरिडात असाल तर

हाच प्राणी, केंद्राचे हेच नियम, पण राज्याची चौकट वेगळी. तिथे मासे आणि वन्यजीव आयोगाचा स्वतंत्र अ‍ॅलिगेटर-पालन परवाना लागतो, आणि पालन जलशेतीत धरलं जात असल्यामुळे राज्याच्या कृषी खात्याचाही संबंध येतो. लुइझियानाचे आकडे तिथे लावू नका.

पहिल्या वर्षी काय करायचं

अंडी जूनमध्ये येतात म्हणून मे महिन्यात जागे होणाऱ्यांचं ते वर्ष हुकतं. मी तरी सांगतो की आदल्या वर्षीचा उन्हाळा कोणाच्या तरी फार्मवर मजूर म्हणून घालवा. दलदलीत कमरेइतक्या चिखलात उभं राहून, मादी समोरून फुत्कारत असताना घरटं उघडलं जातं, ते एकदा जवळून बघा. त्या थंडीत शेड बांधा, जमीनमालकांना भेटा. आणि या सगळ्याच्या आधी, खर्चाचा एकही आकडा मांडण्याआधी, विभागाच्या अ‍ॅलिगेटर कार्यक्रमाच्या कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचारा: या वर्षी परत सोडण्याचं प्रमाण किती, नव्या फार्मची तपासणी कोण करतं आणि तुमच्या भागातल्या कोणत्या जमिनींचे अंड्यांचे परवाने अजून कोणी घेतलेले नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "एकही नाही" असं आलं, तर यंदा शेडचं काँक्रीट ओतू नका.